उन्हाळी, परमा की प्रोस्टेट? एका लपवलेल्या दुखण्याचा इतिहास

 

आपल्याकडे एक म्हण आहे, अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य. दुखतंय अशा ठिकाणी की दाखवायची लाज वाटावी, आणि दाखवायचं तर नेमकं त्यालाच. आज आपण पुरुषांच्या एका अवघड जागेच्या दुखण्याचा इतिहास पाहणार आहोत. प्रोस्टेट नावाच्या ग्रंथीला येणारी सूज. हा भाग खास करून कतारला गेलेल्या आपल्या माणसांसाठी आहे. दोह्यात असाल, अल वक्राला, अल खोरला, मेसाईदला किंवा रास लफानला, थोडा वेळ काढून ऐका. आणि त्यांच्या घरच्यांनो, तुम्हीही ऐका. कारण या दुखण्यात पहिला फोन बहुतेक वेळा डॉक्टरला नाही, घरी जातो. तोही अर्धवट बोलून ठेवला जातो.

एक चित्र डोळ्यांसमोर आणा. कामगार वसाहतीतली एक खोली, एकावर एक पलंग. खोलीतले सगळे झोपलेले. एक जण रात्रीत चौथ्यांदा उठतो, अंधारात चपला शोधतो, व्हरांड्याच्या टोकाच्या संडासापर्यंत जातो. लघवीला घाई होते, पण येते थेंब थेंब. जळजळ होते. बैठकीच्या जागेत, म्हणजे अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या भागात, ठणकतं. परत येऊन तो पडतो आणि विचार करतो.

त्याच्या मनात तीन अंदाज असतात. पहिला, उन्हाळी लागली असेल, पाणी पिऊ म्हणजे जाईल. दुसरा, हे परमा तर नव्हे? लोक काय म्हणतील, बायको काय म्हणेल? तिसरा अंदाज मोबाइलवर सापडतो, प्रोस्टेट. त्या शब्दापुढे कॅन्सर हा शब्दही लगेच दिसतो, आणि झोप उडते. मग सकाळी तो कुणाच्या तरी बॅगेतून गावाकडची एखादी अँटिबायोटिकची पट्टी मागून घेतो.

मंडळी, हे तीन अंदाज आणि ती पट्टी, या चारही गोष्टींना इतिहास आहे. तो समजला तर डॉक्टरसमोर नेमका कोणता प्रश्न विचारायचा हे कळतं. तो प्रश्न शेवटी सांगतो. आधी गोष्ट सुरुवातीपासून.

नावाची गोष्ट

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तळाशी, लघवीच्या नळीभोवती बसलेली ग्रंथी. तरुणपणी साधारण अक्रोडाएवढी. वीर्यातला काही द्रव ती तयार करते. लघवीची नळी तिच्यामधून जाते, म्हणून ती सुजली की लघवीला त्रास होतो. तिच्या मागे लगेच गुदाशय आहे, म्हणून डॉक्टर गुदद्वारातून बोट घालून ती तपासतात. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची असते, पण तिच्या भीतीनं माणसं वर्षं काढतात.

मराठी विश्वकोशात या ग्रंथीचं नाव अष्ठीला ग्रंथी असं आहे. हा शब्द फार जुना. अष्ठीला म्हणजे गोल दगड, गोटा. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लघवी अडण्याचे बारा प्रकार सांगितले आहेत, त्यांतला एक वाताष्ठीला. गुद आणि मूत्राशय यांच्या मध्ये दगडासारखी टणक गाठ उठते आणि मल, मूत्र, वारा सगळंच अडतं, असं त्याचं वर्णन आहे. ते वर्णन आजच्या कोणत्या आजाराचं, यावर वाद घालता येईल. पण जागा बरोबर आहे, आणि तक्रारही ओळखीची आहे.

दुसरं मराठी नाव पुरःस्थ ग्रंथी. पुरः म्हणजे पुढे, पुढे उभी असलेली. प्रोस्टेट या ग्रीक मुळाच्या शब्दाचाही अर्थ हाच, पुढे उभा राहणारा. मूत्राशयाच्या तोंडाशी पहाऱ्याला उभी असल्यासारखी ती आहे, म्हणून.

आता अरब जगाकडे या. दहाव्या शतकात स्पेनमधल्या कॉर्डोबा शहराजवळ अल-झहरावी नावाचे शल्यवैद्य होते. त्यांनी तीस भागांचा अत-तसरीफ हा ग्रंथ लिहिला आणि त्याच्या शेवटच्या भागात शस्त्रक्रियेच्या हत्यारांची चित्रं काढली. लघवी तुंबलेल्या माणसासाठी चांदीची बारीक नळी कशी वापरायची आणि मूत्राशयात औषध कसं सोडायचं, हे त्यांनी लिहून ठेवलं. आज दोह्याच्या इस्पितळात लघवी तुंबलेल्या माणसाला नळी घालतात, तेव्हा हजार वर्षांपूर्वी अरबी भाषेत लिहिलेलं एक काम पुढे चालू असतं. यात लाजेचं काही नाही, हे त्या काळच्या वैद्यांनाही माहीत होतं.

युरोपात ही ग्रंथी शरीरशास्त्राच्या पुस्तकात आली ती सोळाव्या शतकात. व्हेनिसच्या निकोलो मास्सा यांनी १५३६ मध्ये तिचं वर्णन केलं आणि १५३८ मध्ये आंद्रेआस व्हेसेलियस यांनी तिचं चित्र छापलं. म्हणजे तक्रार हजारो वर्षांची, पण ती ग्रंथी कागदावर नीट उमटायला सोळावं शतक उजाडलं.

पहिला अंदाज : उन्हाळी

कतारच्या उन्हाची गोष्ट कतारमध्ये असलेल्यांना सांगायला नको. पण तिलाही इतिहास आहे. तेल सापडायच्या आधी कतारचं पोट मोत्यांवर चालायचं. उन्हाळ्याचे सुमारे चार महिने माणसं होड्यांवर राहायची, दिवसभर बुड्या मारायची. प्यायचं पाणी किनाऱ्यावरून भरून नेलेलं, म्हणजे मोजकंच. ते मोती विकायला यायचे आपल्या मुंबईत. १९३० च्या दशकात जगभरची मंदी आली, जपानचे कल्चर मोती आले आणि हा धंदा बसला. मग दुखानला तेल लागलं. १९४९ मध्ये तेलाची निर्यात सुरू झाली आणि बाहेरच्या माणसांची वाट कतारकडे वळली. १९६६ पर्यंत तिथे रुपयाच चालायचा, त्यातही शेवटची काही वर्षं आपल्या रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळा काढलेला रुपया. तेव्हा आपलं नातं आजचं नाही.

होड्या गेल्या, इमारती आल्या. उन्हात कमी पाण्यावर काम करणारा माणूस मात्र राहिला. कतारमध्ये २००७ मध्ये नियम झाला की भर उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम नाही. २०२१ मध्ये तो वाढवला. आता १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावर काम बंद ठेवायचं असतं. उष्णता आणि दमटपणा मिळून मोजणारा एक निर्देशांक ३२.१ अंशांच्या वर गेला तर कोणत्याही वेळी काम थांबवायचं असतं. वर्षाला एकदा कामगाराची आरोग्य तपासणी करायची, हेही त्याच निर्णयात आहे. हे तुमचे हक्क आहेत, माहीत असू द्या.

आता उन्हाळी. उन्हात घाम जातो, लघवी कमी आणि गडद पिवळी होते, जळजळते. आपल्याकडे धण्याजिऱ्याचं पाणी, सब्जा देतात. पाणी वाढवलं की ही जळजळ एक-दोन दिवसांत जाते. गेली तर ती उन्हाळीच होती. पण पाणी कमी पडत राहिलं तर मुतखडा होऊ शकतो, आणि आखाती देश जगाच्या मुतखड्याच्या पट्ट्यातच येतात. लघवीत जंतू वाढले तर ते प्रोस्टेटपर्यंत पोहोचू शकतात. ऊन थेट प्रोस्टेट सुजवतं असं नाही. पण उन्हाळी म्हणून सोडून दिलेली प्रत्येक जळजळ उन्हाळी नसते. दोन दिवस भरपूर पाणी पिऊनही जळजळ राहिली, किंवा ताप आला, तर तो शब्द बाजूला ठेवा.

दुसरा अंदाज : परमा

या दुखण्याला लाज चिकटली ती एकोणिसाव्या शतकात. त्या काळी परमा मोठ्या प्रमाणावर होता आणि तो मागे सरकत प्रोस्टेटपर्यंत जायचा. १८७९ मध्ये आल्बर्ट नायसर या जर्मन डॉक्टरनं परम्याचा जंतू शोधला. मग प्रोस्टेट सुजलेला माणूस दिसला की डॉक्टर आधी त्याच्याकडे संशयानं बघत. कुठे जाऊन आलास, हा पहिला प्रश्न.

पण लवकरच गडबड लक्षात आली. १९०६ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या ह्यू हॅम्प्टन यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट प्रोस्टेट-सुजेवर मोठा लेख लिहिला. बऱ्याच रुग्णांना कधीकाळी परमा झालेला होता, पण सगळ्यांना नाही. त्यानंतरची कित्येक दशकं सरसकट एकच उपचार चालला, बोटानं प्रोस्टेट दाबून मालिश. काहींना बरं वाटे, काहींना नाही, आणि का ते कुणालाच सांगता येत नसे.

आज जे माहीत आहे ते साफ सांगतो. परमा किंवा क्लॅमिडिया यांसारख्या लैंगिक संसर्गातून प्रोस्टेट सुजू शकते, विशेषतः तरुण वयात. जोखीम घेतली असेल तर डॉक्टरला सरळ सांगा, कारण तपासणी आणि औषध वेगळं असतं. जोडीदाराचीही तपासणी लागते, आणि निरोध हा त्यावरचा उपाय आहेच. पण जंतूमुळे येणाऱ्या प्रोस्टेट-सुजेत बहुतेक वेळा सापडतो तो ई. कोलाय, आपल्याच आतड्यात राहणारा जंतू. आणि बहुसंख्य जुनाट दुखण्यांत तर कोणताही जंतू सापडत नाही.

म्हणून गावाकडच्या वहिनींनो, एक विनंती. तुमचा माणूस फोनवर चाचरत म्हणाला की लघवीचा त्रास होतोय, तर त्यावरून त्याच्या वागण्याचा निकाल लावू नका. आणि कतारमधल्या दादांनो, तुम्हीही लपवू नका. लपवलं की संशय वाढतो आणि दुखणंही वाढतं.

पट्टीची गोष्ट

आता त्या पट्टीकडे येऊ. १९३५ मध्ये सल्फाची औषधं जगासमोर आली, दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिन आलं. परमा काही दिवसांत बरा होऊ लागला. आपल्या पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची त्याला मदत होती. पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. त्या औषधानं किती घरं वाचवली याची गणती नाही. आणि त्यातूनच एक समजूतही घराघरात बसली, की कोणत्याही दुखण्यावर एक गोळी असते.

प्रोस्टेटनं ही समजूत मोडली. या ग्रंथीत औषध शिरणं अवघड असतं. रक्तात भरपूर असलेलं पेनिसिलिन तिच्या आत पुरेसं पोहोचत नाही. आणि मुळात जंतू आहे की नाही हे पाहायचं कसं? १९६८ मध्ये अमेरिकेत एडविन मिअर्स आणि थॉमस स्टेमी या डॉक्टरांनी एक साधी युक्ती लिहिली. चार बाटल्या. लघवीची पहिली धार एका बाटलीत, मधली दुसरीत, मग प्रोस्टेट दाबून आलेला द्रव तिसरीत, आणि त्यानंतरची लघवी चौथीत. कोणत्या बाटलीत जंतू जास्त, यावरून ते नळीत आहेत, मूत्राशयात आहेत की प्रोस्टेटमध्ये, ते कळायचं. आता बरेच डॉक्टर दोनच बाटल्यांवर काम भागवतात, पण विचार तोच.

या बाटल्यांनी जे दाखवलं ते धक्कादायक होतं. जुनाट त्रास असलेल्या बहुतेक माणसांच्या प्रोस्टेटमध्ये जंतू नव्हताच. म्हणजे साठ-सत्तर वर्षं एकाच नावाखाली वेगवेगळी दुखणी एकत्र बांधली गेली होती.

शेवटी १९९५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं तज्ज्ञांना एकत्र बसवलं आणि १९९९ मध्ये नवी वर्गवारी प्रसिद्ध झाली. नाव एक, प्रकार चार. आज जगभर, कतारमध्ये आणि भारतातही, डॉक्टर हीच वर्गवारी वापरतात.

चार प्रकार, चार वाटा

पहिला प्रकार, जंतूंमुळे अचानक आलेली सूज. हा प्रकार कमी आढळतो, पण धोक्याचा. हुडहुडी भरून ताप, बैठकीच्या जागेत किंवा ओटीपोटात जोरात दुखणं, लघवीला आग, कधी लघवी पूर्ण तुंबते. यात थांबायचं नाही. जंतू रक्तात पसरले तर जिवावर बेततं. कतारमध्ये ९९९ ला फोन करा किंवा थेट तातडीच्या विभागात जा. लघवी आणि रक्त तपासतात, अँटिबायोटिक सुरू करतात, गरज पडली तर शिरेतून. लघवी अडली असेल तर नळी घालतात. औषध साधारण दोन ते चार आठवडे चालतं. दोन दिवसांत ताप उतरतो आणि माणूस गोळ्या बंद करतो, ही सगळ्यात मोठी चूक. या काळात प्रोस्टेटचं मालिश करायचं नसतं, कुणी सुचवलं तरी नाही म्हणा.

दुसरा प्रकार, जंतूंमुळेच पण जुनाट. त्रास येतो, जातो, पुन्हा येतो. दर वेळी लघवीत बहुधा तोच जंतू सापडतो. यात चार ते सहा आठवडे अँटिबायोटिक लागतं, आणि ग्रंथीत शिरू शकणारंच लागतं. कोणतं, हे लघवीच्या कल्चर तपासणीवरून ठरतं. बॅगेतल्या पट्टीवरून नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त आढळतो. दहांतले नऊ रुग्ण यातले. याला जुनाट ओटीपोट-दुखी म्हणू. तीन महिन्यांहून जास्त काळ दुखणं, कधी बैठकीत, कधी जांघेत, कधी अंडकोशात, कधी वीर्यपतनाच्या वेळी. लघवीची घाई. तपासण्यांत जंतू नाही. इथे अँटिबायोटिकचा उपयोग किती? २००४ मध्ये १९६ पुरुषांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. सहा आठवडे काहींना सिप्रोफ्लॉक्सासिन, काहींना टॅम्सुलोसिन, काहींना दोन्ही, काहींना नुसतीच बिनऔषधाची गोळी दिली. औषधं त्या रिकाम्या गोळीपेक्षा फारशी सरस ठरली नाहीत. २००८ मध्ये अल्फुझोसिन या औषधाचीही २७२ पुरुषांवर तीच गत झाली. दोन्ही गटांत जवळजवळ निम्म्या लोकांना बरं वाटलं.

मग उपाय नाही का? आहे, पण एकच नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताठरलेले असतील तर फिजिओथेरपीनं ते सैल करतात. २००९ मध्ये ४७ रुग्णांवर झालेल्या एका छोट्या चाचणीत अशा उपचारानं ५७ टक्के लोकांना बरं वाटलं, तर साध्या मालिशनं २१ टक्क्यांना. लघवीचा जोर कमी असेल तर टॅम्सुलोसिनसारखी गोळी काहींना लागू पडते. ती घेऊन झटकन उठू नका, चक्कर येऊ शकते. सूज आणि दुखणं कमी करणारी गोळी थोडे दिवस देतात. कोमट पाण्यात बसणं, चालणं, झोप, मनावरचा ताण हलका करणं, हेही उपचारच आहेत. कर्जाचा हप्ता, घरची काळजी आणि सुट्टी नाही, हे सगळं स्नायूंत साठतं. म्हणजे दुखणं मनाचं आहे असं नव्हे. दुखणं खरं असतं.

चौथा प्रकार, सूज असते पण त्रास काहीच नसतो. दुसऱ्याच तपासणीत ती सापडते. बहुतेक वेळा उपचार लागत नाही.

आता कॅन्सरची भीती, म्हणजे तो तिसरा अंदाज. प्रोस्टेटची सूज म्हणजे कॅन्सर नव्हे. सुजेमुळे पीएसए नावाची रक्ततपासणी वाढलेली येऊ शकते. म्हणून सूज असताना आलेला एक आकडा बघून घाबरू नका. सूज उतरल्यावर डॉक्टर ती पुन्हा करतात. पन्नाशीच्या पुढे धार बारीक झाली असेल तर प्रोस्टेट वाढल्याचीही शक्यता असते. तो आणखी वेगळा आजार. लघवीतून रक्त गेलं तर मात्र कोणत्याही वयात दाखवायलाच हवं.

कतारमध्ये असताना

दोह्यात रुमैला इस्पितळ १९५७ मध्ये सुरू झालं, हमद जनरल इस्पितळ १९८२ मध्ये. एकट्या राहणाऱ्या कामगारांसाठी कतार रेड क्रेसेंट चालवत असलेली आरोग्य केंद्रं आहेत. इंडस्ट्रियल एरियाजवळ हाझम मुबैरीक जनरल इस्पितळ २०१८ मध्ये उघडलं. म्हणजे जागा आहेत. तिथे आपल्या देशातले डॉक्टर आणि परिचारिकाही बरेच भेटतात. हेल्थ कार्ड चालू ठेवा, मुदत संपू देऊ नका.

अनेकांना भीती वाटते की लघवीचा आजार दाखवला तर मेडिकलमध्ये अनफिट करतील, परत पाठवतील. राहण्याच्या परवान्यासाठीची तपासणी क्षयरोग, एचआयव्ही यांसारख्या पसरणाऱ्या आजारांसाठी असते. प्रोस्टेटची सूज एकाकडून दुसऱ्याकडे खोलीत, जेवणातून, संडासातून पसरत नाही.

आता बॅगेबद्दल. हे कान देऊन ऐका, आणि सामान बांधणाऱ्या घरच्यांनीही ऐका. दोह्यातल्या भारतीय दूतावासानं प्रवाशांना बजावून सांगितलं आहे की ट्रॅमाडॉल, कोडीन, लिरिका म्हणजे प्रीगॅबालिन, अल्प्राझोलाम, डायझेपाम अशी औषधं कतारमध्ये नेऊ नयेत. त्यावर तिथे बंदी आहे आणि ती सापडली तर अटक, तुरुंग होऊ शकतो. आणि यांतली दुखण्यावरची औषधं या त्रासात सर्रास मागितली जातात. प्रीगॅबालिनची याच जुनाट दुखण्यावर मोठी चाचणी झाली, २०१० मध्ये ती प्रसिद्ध झाली. ठरवलेल्या कसोटीवर ती गोळी रिकाम्या गोळीपेक्षा स्पष्टपणे सरस ठरली नाही. अशा गोळीसाठी कुणी तुरुंगाचा धोका का घ्यावा? दुसऱ्याचं पार्सल तर बंद पाकिटातून कधीच नेऊ नका.

साध्या अँटिबायोटिकचाही धोका आहे, वेगळा. अर्धवट घेतलेल्या गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, निर्ढावतात. आपल्याकडच्या ई. कोलायवर सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुटुंबातली औषधं आता बऱ्याचदा चालत नाहीत. शिवाय या कुटुंबातल्या औषधांनी टाचेमागची शीर, म्हणजे स्नायूबंध, दुखावू किंवा तुटू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००८ मध्ये पाकिटावर ठळक छापायला लावला. मचाणावर, शिडीवर चढून काम करणाऱ्या माणसासाठी ही छोटी गोष्ट नाही. आणि डॉक्टरकडे जाण्याआधी अशी गोळी घेतली असेल तर लघवीच्या तपासणीत जंतू सापडत नाही, डॉक्टरची दिशा चुकू शकते. म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी तपासणी, मग गोळी.

होऊ नये म्हणून

थोडक्यात सांगतो. पाणी दिवसभर घोट घोट प्या, तहान लागायची वाट पाहू नका. लघवीचा रंग फिकट पिवळा राहिला म्हणजे पाणी पुरेसं. लघवी दाबून ठेवू नका. ड्रायव्हर आणि क्रेन चालवणारे भाऊ, थांबायला जागा नाही म्हणून पाणीच पीत नाहीत, हे करू नका. तासन्‌तास बसून काम असेल तर मधून उठून चार पावलं चाला. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. चहा, कॉफी, झणझणीत तिखट, दारू यांनी त्रास वाढतो का ते स्वतः बघा, वाढत असेल तर कमी करा. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा, कारण मधुमेहात जंतुसंसर्ग लवकर होतो आणि उशिरा हटतो. लैंगिक संबंधात निरोध वापरा.

आणि एका कागदावर लिहून ठेवा. त्रास कधी सुरू झाला, ताप होता का, कुठे दुखतं, रात्रीत किती वेळा उठावं लागतं, कोणत्या गोळ्या घेतल्या. तोंडानं सांगायला लाज वाटली तर तो कागद पुढे करा. १९९९ मध्ये डॉक्टरांनी यासाठीच तेरा प्रश्नांचा एक तक्ता बनवला. दुखणं, लघवी आणि रोजच्या जगण्यावरचा परिणाम, यांना मिळून ० ते ४३ गुण. म्हणजे या दुखण्यात रुग्णानं काय सांगितलं याला तपासणीइतकंच मोल आहे, हे शास्त्रानंही मान्य केलं.

आता तो प्रश्न, जो सुरुवातीला सांगेन म्हणालो होतो. डॉक्टरनं प्रोस्टेटची सूज आहे असं सांगितलं, की घाबरू नका, आणि लगेच गोळीही मागू नका. विचारा, "डॉक्टर, चारांपैकी कोणता प्रकार? जंतू सापडला का?" जगभरच्या डॉक्टरांना हा प्रश्न नीट विचारायला १९६८ साल उजाडलं आणि उत्तराची मांडणी करायला १९९९. तुम्हाला तो आज फुकट मिळाला आहे. वापरा.

वहिनींनो, आईंनो, पुढच्या फोनवर जेवलास का, पगार झाला का, या दोन प्रश्नांबरोबर तिसराही विचारा, पाणी पितोस ना? आणि त्यानं उत्तर द्यायला वेळ घेतला, तर फोन ठेवू नका.

पुन्हा भेटूच. तोवर सांभाळून राहा, मंडळी. नमस्कार.